बेटाला वळसा

लोणंद म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवतो, पुणे-मिरज मार्गावरचे रेल्वे स्टेशन आठवते आणि आषाढी वारीत नीरा ओलांडून येणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. समुद्र कोणालाही आठवत नाही, आणि आठवावा तरी कसा? इथून किनारा शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. आमच्या घरात समुद्र डोळ्यांनी पाहिलेले एकही माणूस नाही. अशा गावातल्या, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने शिडाच्या नौकांच्या शर्यतीवर लेख लिहावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. भूगोलाच्या तासाला पश्चिमी वारे शिकताना हा विषय कानावर आला, ग्रंथालयात हाती लागेल ते मी वाचत गेलो आणि वाचता वाचता लक्षात आले की, ही गोष्ट केवळ समुद्राची नाही. ती आपल्याही कामाची आहे. कशी, ते क्रमाने सांगतो.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून वाइट नावाचे बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ३६ किलोमीटर. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्राला सोलेंट म्हणतात. या बेटाच्या उत्तर टोकावर काउज नावाचे गाव आहे. तिथून निघायचे, संपूर्ण बेटाला वळसा घालायचा आणि पुन्हा काउजला यायचे, अशी शिडाच्या नौकांची शर्यत दरवर्षी भरते. अंतर ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर. इंजिन लावायचे नाही. वारा नेईल तसे, किंवा खरे म्हणजे वाऱ्याला आपण नेऊ तसे, जायचे.

या बेटाभोवतीची एक शर्यत त्याहून जुनी आणि प्रसिद्ध आहे. २२ ऑगस्ट १८५१ रोजी 'अमेरिका' नावाच्या अमेरिकन नौकेने याच बेटाला वळसा घालून इंग्रजांच्या नामांकित नौकांना मागे टाकले आणि चषक आपल्या देशी नेला. तोच पुढे 'अमेरिकाज कप' म्हणून गाजला. १९८३ साली ऑस्ट्रेलियाच्या नौकेने तो जिंकेपर्यंत, तब्बल १३२ वर्षे, अमेरिकेने तो हातचा जाऊ दिला नाही. पण ती शर्यत धनिकांची. मोठ्या नौका आणि पगारी खलाशी, असा तो थाट.

सामान्य माणसाची शर्यत सुरू झाली १९३१ साली. मेजर सिरिल विंडेलर नावाच्या गृहस्थाच्या मनात आले की, लहान नौका असणाऱ्यांनाही बेटाची फेरी करता यावी. पहिल्या वर्षी २५ नौका उतरल्या. जिंकली कोणती? 'मेरी कन्सीट' नावाची, पीटर ब्रेट यांची, अवघ्या २२ फूट लांबीची मासेमारीच्या घडणीची होडी. पुढे ही शर्यत इतकी वाढली की काही वर्षी दीड हजारांहून अधिक नौका उतरल्या. त्यांत बसणारे बहुतेक हौशी. आठवडाभर कचेरीत, शाळेत किंवा दुकानात काम करणारे आणि सुटीच्या दिवशी शीड उभारणारे. बाप सुकाणूवर, मुलगी शिडाच्या दोरीवर आणि मामा नकाशा घेऊन आत, अशीही कुटुंबे असतात.

हे सगळे मी घरी सांगत होतो तेव्हा आण्णांनी विचारले, "वारा म्होरनं आला तर व्हडी म्होरं कशी जाणार?" आण्णा चौथीपर्यंत शिकले, बाजारात पोती उचलतात. पण या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनीच विचारला. बेटाला वळसा घालायचा म्हणजे चारही दिशांना जावे लागणार. वारा मात्र एकाच दिशेने वाहणार. तेव्हा कुठेतरी तो तोंडावर येणारच. मग?

याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा. चिंचोका ओला करून दोन बोटांच्या चिमटीत दाबला की तो पुढे सटकतो. बोटांचा जोर असतो आडवा, पण चिंचोका जातो पुढे. नौकेचे तसेच आहे. वरून शिडावर वाऱ्याचा जोर येतो, तो नौकेला बाजूला ढकलू पाहतो. खाली पाण्यात नौकेच्या तळाला कण्यासारखी एक जड, खोल फळी असते. ती पाण्याला टेकून बाजूला सरकायला विरोध करते. वरचा वारा आणि खालचे पाणी यांच्या चिमटीत सापडलेली नौका पुढे सटकते. त्याच कण्याच्या वजनामुळे ती उलटतही नाही. कलते आणि पुन्हा सावरते. सांगलीकडे कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, त्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पण त्या वल्ह्यांच्या. तिथे जोर माणसाच्या दंडाचा. इथे जोर वाऱ्याचा आणि माणसाचे काम तो जोर वळवण्याचे.

दुसरा भाग असा. एवढे करूनही नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून ती जाते. थोडे उजवीकडे तिरके, मग वळून थोडे डावीकडे तिरके, पुन्हा उजवीकडे. आपल्या तालुक्यातला खंबाटकी घाट आठवा. डोंगरावर गाडी सरळ चढवता येत नाही म्हणून रस्ता वळणे घेत घेत वर जातो. नौकाही वाऱ्याचा घाट अशीच चढते. या वळणांमुळे एक मैल पुढे जाण्यासाठी जवळपास १.४ मैल कापावे लागतात. म्हणून ५० मैलांची शर्यत प्रत्यक्षात कोणालाच ५० मैलांची पडत नाही. आण्णांना घाटाची उपमा लगेच पटली. "मंग वारा म्हंजे चढ म्हणायचा," ते म्हणाले. याहून सोपी व्याख्या मला पुस्तकातही मिळाली नाही.

वाऱ्याइतकेच महत्त्व भरती-ओहोटीला आहे. सोलेंटच्या चिंचोळ्या भागातून पाणी नदीसारखे वाहते. भरतीला पूर्वेकडे आणि ओहोटीला पश्चिमेकडे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते तेव्हा ओढ फार जोराची असते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ती मंदावते. म्हणून शर्यतीची वेळ पंचांग पाहावे तशी भरतीचे कोष्टक पाहून ठरवतात. सामान्यतः भल्या सकाळी, पाणी पश्चिमेकडे ओढू लागले की तोफ होते आणि नौका पश्चिमेकडे निघतात. त्यामुळे बेट सबंध वाटेत डाव्या हाताला राहते. आपल्या हिशेबाने ही उलटी प्रदक्षिणा झाली, पण पाण्याच्या ओढीपुढे इलाज नाही. त्या १८५१ च्या शर्यतीत मात्र नौका पूर्वेकडून गेल्या होत्या, म्हणजे बेट उजवीकडे ठेवून.

आता हौशी मंडळींची वाट पाहू. सकाळचा पहिला टप्पा सुखाचा वाटतो. शेकडो शिडे एकाच वेळी निघालेली, पाणी आपल्याच बाजूने ओढणारे. पण पश्चिमेचा वारा असेल तर तो या ओढीच्या विरुद्ध पडतो. वारा एका दिशेने आणि पाणी उलट दिशेने, असे झाले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नौका एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी नाकावर आदळते. नवख्यांच्या पोटातले इथेच बाहेर येते. वाऱ्याच्या बाजूच्या काठावर सगळ्यांना ओळीने पाय बाहेर सोडून बसवतात, कारण माणसांच्या वजनानेही नौकेचा कल सावरतो. ज्याला अजून कोणतीच दोरी ओळखता येत नाही, त्याचाही उपयोग होतो तो असा.

बेटाच्या पश्चिम टोकाला 'नीडल्स' म्हणजे सुया नावाचे खडूच्या दगडाचे उंच सुळके समुद्रात उभे आहेत. त्यांच्या शेवटी दीपगृह. दीपगृहाला जितके खेटून वळावे तितके अंतर वाचते. पण तिथेच पाण्याखाली १९४७ साली बुडालेल्या 'वार्वासी' नावाच्या जहाजाचा सांगाडा आहे. जवळची वाट धरू पाहणाऱ्या कित्येक नौका त्यावर आदळल्या आहेत. पुढे दक्षिणेचे सेंट कॅथरिन टोक. तिथे उघड्या समुद्राच्या मोठ्या लाटा भेटतात आणि ओढीमुळे पाणी खवळते. मग पूर्वेकडच्या बेंब्रिजच्या खडकाळ दांड्याबाहेरून वळायचे आणि शेवटचा टप्पा पुन्हा सोलेंटमध्ये. इथे ओढ विरुद्ध असली तर ती टाळण्यासाठी नौका किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात शिरतात. आणि राइडच्या वाळूत रुततात. विजय समोर दिसत असताना वाळूत बसून भरतीची वाट पाहण्याची पाळी येते.

या सगळ्यांत मला मौज वाटली ती एका गोष्टीची. वारा साफ पडला आणि पाणी मागे ओढू लागले, तर जाणते खलाशी शर्यत चालू असताना नांगर टाकतात! नांगरलेली नौका जागच्या जागी थांबते आणि नांगर न टाकणाऱ्या तिच्या शेजारणी हळूहळू मागे वाहून जातात. थांबणारा पुढे जातो. भूगोलाच्या पुस्तकात हे सापडायचे नाही, पण ज्यांनी आयुष्यात एखादे वर्ष नुसते टिकून काढले आहे त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे येतो. पहिल्या वर्षी २२ फुटी होडी जिंकली, ती कशी? मोठी नौका लहान नौकेपेक्षा वेगाने जाते, हे निसर्गाचे गणित आहे. पाण्यावर तरंगणारी लांबी जितकी जास्त, तितका वेग जास्त. मग लहान होडीने मोठीशी शर्यत लावायची तरी कशाला? यावर तोडगा असा की, प्रत्येक नौकेची लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ वगैरे मोजून तिला एक आकडा देतात. शर्यतीला लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणायचे आणि येईल तो वेळ खरा धरायचा. समजा, मोठ्या नौकेचा आकडा १.२० आहे आणि तिने ६ तासांत फेरी पुरी केली. तिचा हिशेबी वेळ ७ तास १२ मिनिटे. लहान होडीचा आकडा ०.८८ आहे आणि तिला ८ तास लागले. तिचा हिशेबी वेळ ७ तास २ मिनिटे २४ सेकंद. मोठी नौका दोन तास आधी येऊन, नांगर टाकून, चहा पिऊन बसली आहे. पण जिंकली लहान होडी.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. हा आकडा म्हणजे लहान होडीवर केलेली दया नव्हे. तो खलाशाचे कौशल्य मोजत नाही, त्याला जादा गुणही देत नाही. तो फक्त नौका मोजतो आणि ती हिशेबातून वजा करतो. उरते ते खलाशाचे कसब. म्हणजे आकडा लावला नाही तर शर्यत न्याय्य होते असे नाही. उलट, मग ती माणसांची शर्यतच राहत नाही, ती लांबीची शर्यत होते. महाविद्यालयात फी-सवलतीचा अर्ज भरणाऱ्या मुलांच्या रांगेकडे पाहून कोणी कोणी हसतात. मीही त्या रांगेत असतो. आमच्यापैकी कित्येकजण पहाटे बाजारात काम करून, दोन एस.टी. बदलून वर्गात येतात. घरी इंग्रजी सांगणारे कोणी नाही, स्वतंत्र खोली नाही, कधी वीज नाही. आमची होडी २२ फुटी आहे. तिला आकडा लावला म्हणून आमच्याऐवजी दुसरे कोणी सुकाणू धरत नाही. ते आम्हांलाच धरावे लागते.

हौशी खलाशांच्या सगळ्या कथा अशा सुखाच्या नाहीत. आयर्लंडच्या दक्षिणेला फास्टनेट नावाचा खडक आहे. समुद्रातले ते एवढेसे बेटच. इंग्लंडहून निघून त्या खडकाला वळसा घालायचा अशी शर्यत १९२५ पासून होते. ऑगस्ट १९७९ मध्ये ३०३ नौका तिच्यासाठी निघाल्या. इंग्लंडचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ हेही त्यांत होते. १३ आणि १४ ऑगस्टच्या रात्री आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधल्या समुद्रात भयंकर वादळ झाले. नौका पार आडव्या झाल्या, काही पूर्ण उलट्या होऊन पुन्हा सरळ झाल्या. शर्यतीतले १५ जण प्राणांस मुकले. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या, त्यांतल्या ५ बुडाल्या. निघालेल्यांपैकी एक तृतीयांश नौकाही शर्यत पुरी करू शकल्या नाहीत.

नंतर चौकशी झाली आणि तिच्यातून जे बाहेर आले ते विचार करण्यासारखे आहे. भ्यालेली माणसे नौका सोडून रबरी तराफ्यांत उतरली. काही तराफे फाटले, उलटले, आणि त्यांतली काही माणसे गेली. पण त्यांनी सोडलेल्या नौकांपैकी बऱ्याच नंतर तरंगताना सापडल्या. त्यावरून खलाशांत एक शहाणपण रूढ झाले. नौका पायाखालून खरोखरच बुडू लागल्याशिवाय ती सोडू नये. दुसरी गोष्ट अशी की, अनेक नौकांवर किनाऱ्याशी बोलता येईल असा रेडिओच नव्हता. कोण कोठे आहे, कोण जिवंत आहे, कोण सुखरूप दुसऱ्या बंदरात पोहोचला आहे, काही कळेना. त्यानंतर या शर्यतीत रेडिओ सक्तीचा झाला आणि पुरेसा अनुभव असल्याखेरीज प्रवेश बंद झाला.

हे सगळे इंग्लंडचे झाले. आपल्याकडचे काय? दर्याचा वारसा आपल्याला नवा नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी बेटाला वेढा दिला. पण वारा पडला की ती जहाजे हलेनात, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ही मारीत, उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोहोचवीत. लहान होडीचे मोल आपल्या माणसांनी ओळखले होते. पुढे हा धागा तुटला आणि घाटावरच्या माणसाला समुद्र परका झाला.

तो धागा पुन्हा जोडणारा एक माणूस आमच्या शेजारीच राहत होता. लोणंदहून पालखी तरडगावमार्गे फलटणला जाते. अंतर सुमारे ३० किलोमीटर. त्या फलटणजवळच्या विंचुर्णी गावात व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर स्थायिक झाले. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' या युद्धनौकेचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले होते. १९८३ साली ते नौदलातून निवृत्त झाले. एका भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांची. सैन्यदलाच्या अभियंत्यांनी 'तृष्णा' नावाच्या नौकेतून १९८५ ते १९८७ मध्ये तुकडीने पृथ्वीला वळसा घातला होता, पण एकट्याने ते कोणा भारतीयाने केले नव्हते. आवटींनी ही कल्पना वर्षानुवर्षे सोडली नाही. ४ नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर २०१८ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९१ व्या वर्षी निधन होईपर्यंत, ते या मोहिमांचे पितामह राहिले. समुद्रापासून इतक्या दूर, ऊस-ज्वारीच्या मुलखात राहून एक माणूस जगाच्या समुद्राचा विचार करीत होता, हे मला फार मोठे वाटते.

२००६ साली नौदलातले कमांडर दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले. नौका गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. अशी नौका त्यांनी पूर्वी बांधलेली नव्हती. ५६ फुटी नौकेला नदीचेच नाव दिले, 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परत आले. वाटेत चार बंदरांवर थांबले. या मोहिमेचे नाव 'सागर परिक्रमा'.

परिक्रमा पुरी झाली हे कसे ठरवायचे? त्यालाही नियम आहेत. सगळी रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, विषुववृत्त किमान दोनदा ओलांडले पाहिजे, पनामा-सुएझसारखे कालवे वापरायचे नाहीत आणि अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी असता कामा नये. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाची ६० मिनिटे, गुणाकार २१,६००. पृथ्वीच्या परिघावरचे एक मिनिट म्हणजेच एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे हा नियम सांगतो की पृथ्वीचा पुरा परीघ कापा. पश्चिमी वारे दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या पलीकडे अडथळ्याविना वाहतात, कारण तिथे जमीनच फारशी नाही. खलाशी त्या पट्ट्याला 'गर्जणारे चाळीस' म्हणतात. ते वारे पाठीशी घेऊन नौका पूर्वेकडे जातात. आता नकाशा दक्षिण ध्रुवाच्या बाजूने पाहा. मधोमध अंटार्क्टिका खंड, चारी बाजूंनी पाणी, आणि नौका त्याला उजव्या हाताला ठेवून फिरते आहे. जगाची परिक्रमा म्हणजे खरोखर एका प्रचंड बेटाची प्रदक्षिणा, आणि ती सुलटी!

दोंदे यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच 'म्हादेई'तून कोठेही न थांबता ही फेरी केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून केली. २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच 'तारिणी' पृथ्वीभोवती फिरवून आणली.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. १९६८ साली एकट्याने, न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले, पुरी केली एकट्याने. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन त्याचे नाव, आणि त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत, आपल्या सुतारांनी सागवानात बांधलेली होती. पण मला राहून राहून आठवतो तो डोनाल्ड क्रोहर्स्ट. सुटीच्या दिवशी नौका चालवणारा हौशी माणूस. धंदा अडचणीत, नौकेपायी डोक्यावर मोठा आर्थिक बोजा. नौका दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही हे त्याला लवकरच कळले. पण माघार घेणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून तो अटलांटिकमध्येच भटकत राहिला आणि आपण पुढे गेल्याच्या खोट्या बातम्या रेडिओवरून देत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची नौका रिकामी तरंगताना सापडली. वह्या होत्या, माणूस नव्हता. "मला जमत नाही, मी परत येतो," एवढे एक वाक्य त्याला बोलता आले असते तर तो वाचला असता.

बेटाच्या शर्यतीत याची सोय केलेली आहे. जो शर्यत सोडेल त्याने समितीला तसे कळवलेच पाहिजे, असा नियम आहे. सोडण्यात लाज नाही. वारा वाढला, शीड फाटले, मूल आजारी पडले, तर परत फिरणे हेच शहाणपण. पण कळवायचे. आणि जो परत आला नाही व ज्याने कळवलेही नाही, त्याला समिती विसरत नाही. किती निघाले, किती आले, किती सोडून गेले, याची बेरीज जुळेपर्यंत चौकशी चालू राहते. गरज पडली तर बचावनौका निघते.

माझ्याबरोबर पहिल्या वर्षी बाकावर बसणारा एक मित्र दिवाळीनंतर आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरी लागली, मग एक रेघ ओढली गेली. तो कुठे गेला, का गेला, याची बेरीज कोणी जुळवली नाही. पुढे तो मला बाजारात ट्रक भरताना भेटला. "तुझं चाललंय न्हवं? मंग झालं," एवढेच म्हणाला. एका मैत्रिणीचे उन्हाळ्यात लग्न झाले. तिचा परीक्षेचा अर्ज तसाच राहिला. अशी दोन-चार नावे प्रत्येक वर्गात असतील. कोणाची नौका फुटलेली नसते. पुष्कळदा ती तरंगतच असते; एक फीचा हप्ता, एक पुस्तकांचा संच, एकदा घरी जाऊन आईबापांशी बोलणे, एवढ्याने ती पुन्हा वाटेला लागली असती.

म्हणून आदरणीय प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. प्रत्येक वर्गात एक साधी वही ठेवावी. सलग पंधरा दिवस जो आला नाही, त्याचे नाव तीत लिहावे आणि आपल्यापैकी दोघांनी त्याच्या घरी जाऊन यावे. परत यायचे असेल तर वाट सांगावी, यायचे नसेल तर कारण लिहून घ्यावे. बाजाराच्या बाजूची घरे माझ्या पायाखालची आहेत. तिकडची नावे माझ्याकडे द्यावीत.